बलक वेगळा काढल्याशिवाय स्पेक्ट्रम वाचू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून एम.एस्सी. करून वळूच्या शुक्राणूंच्या लिपिडवर, म्हणजे मेदाच्या रेणूंवर, मास स्पेक्ट्रोमीटरने (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राने) काम करायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड काढायची ब्लाय-डायरची पद्धत १९५९ सालची, आजही नीट चालते. त्यात डोकं फार खर्ची घालू नका. खरी मेख नमुन्यातच आहे.

आपल्याकडे नमुना मिळतो तो बहुधा कृत्रिम रेतनाच्या कांडीतून. पाव मिलिलिटरची कांडी, आत साधारण दोन कोटी शुक्राणू. गावातल्या पशुवैद्यकाच्या नायट्रोजनच्या कंटेनरमधून सहज मिळते, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण वीर्य गोठवण्याच्या नेहमीच्या द्रावणात वीसेक टक्के अंड्याचा बलक असतो. त्यातले मेदाचे कण शुक्राणूच्या आवरणाला धरून बसतात, म्हणून तर तो थंडीच्या धक्क्यातून वाचतो. आता बघा, चिकटलेलं तेही फॉस्फोलिपिड (फॉस्फेट असलेलं लिपिड) आणि आपण मोजायला निघालोय तेही फॉस्फोलिपिड.

धन आयनांचा स्पेक्ट्रम, म्हणजे वजनानुसार रेणूंचा आलेख, घेतला की m/z (वस्तुमान भागिले भार) ७६०.६, ७५८.६, ७८६.६ असे उंच सुळके येतात. सुंदर दिसतात, पण मुख्यत्वे बलकाचे असतात. वळूच्या शुक्राणूची खरी खूण म्हणजे डीएचए (ओमेगा-३ मेदाम्ल) असलेलं प्लाझ्मालोजेन (व्हायनिल-ईथर बंधाचं फॉस्फोलिपिड), ७९०.६ वर. हा सुळका बुटका दिसतो आणि तिथेही फसगत होते, कारण बलकातल्या ७८८.६ च्या रेणूचा समस्थानिकही (जड कार्बन असलेलं रूप) नेमका ७९०.६ वरच येतो. ७६०.६ वाल्याला प्रोटॉनऐवजी सोडियम लागला तर तो ७८२.६ वर जातो आणि अॅराकिडोनिक या मेदाम्लाचं लिपिड सापडलं असं वाटतं. दोघांत फरक ०.००२४ चा. साध्या यंत्राला तो दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? वाळवलेल्या नमुन्याला हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ द्या आणि पुन्हा मोजा. प्लाझ्मालोजेनचा व्हायनिल-ईथर बंध आम्लात तुटतो, म्हणजे ७९०.६ खाली बसतो आणि ५६८.३ वर लायसो रूप (एक साखळी गळालेलं लिपिड) उगवतं. बलकाचे सुळके जागचे हलत नाहीत. मात्र अर्कात आधीच आम्ल गेलं असेल तर हेच लायसो नकळत तयार होतं, आणि एन्झाइमने लिपिड तोडलं असा निष्कर्ष लिहिला जातो. म्हणून आम्ल घालायचं ते फक्त या चाचणीत.

नुसतं सेंट्रिफ्यूज करून बलक जात नाही. पर्कोलच्या (सिलिकाच्या बारीक कणांच्या द्रावणाच्या) घनतेच्या थरांतून शुक्राणू काढा, तरी थोडा उरतोच. म्हणून शुक्राणू नसलेल्या नुसत्या द्रावणाचा अर्कही दर वेळी सोबत चालवा. बलकाऐवजी सोयाच्या लेसिथिनचं द्रावण वापरा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. त्यातलं मुख्य लिपिड ७८२.६ वरच बसतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शक्य असेल तर वीर्यकेंद्राकडून रीतसर परवानगी घेऊन ताजं वीर्यच मिळवा. पत्रव्यवहारात महिने जातात, जीव मेटाकुटीला येतो, पण त्याला पर्याय नाही.

सॉफ्टवेअरने दिलेली नावांची यादी प्रबंधात तशीच चिकटवू नका. शेकडो लिपिडांची यादी बघून गाइड खूश होतात, परीक्षक होत नाहीत. गाइड निवडताना नावापेक्षा त्यांच्या लॅबमध्ये यंत्राजवळ रोज कोण बसतं ते विचारा. मला तरी शिकवलं ते तंत्रज्ञांनीच.

आणि घाबरू नका. मराठी शाळेतून आलेल्याला धारवाड-बेंगळुरूच्या लॅबमध्ये आधी बुजल्यासारखं होतं, मलाही झालं. गणपत गल्लीत भाजी घेताना शिकलेलं कन्नड तिथे पुरतं; तेवढ्यावर विचारलंत तरी माणसं जीव लावून सांगतात. पहिले स्पेक्ट्रम वाईटच येतील, येऊ द्या.

क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या नळीत ओतू नका, प्लॅस्टिकमधली रसायनं अर्कात उतरतात. काच वापरा. अर्क नायट्रोजनखाली वाळवा, थोडं बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घाला आणि उणे ८० अंशांवर ठेवा. डीएचए हवेत फार लवकर खराब होतं.