बँकेत आणि केंद्र सरकारच्या कार्यालयात मराठीतून काम कसे करून घ्यावे

काउंटरवर कोणती भाषा चालणार हे बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात ठरते. समोरचा कर्मचारी अमराठी असेल असे गृहीत धरून आपण ‘भैया, ये फॉर्म…’ अशी सुरुवात करतो, तोही हिंदीत उत्तर देतो, आणि फॉर्मवरचे आडनाव वाचून दोघेही मराठी असल्याचे उघड झाले तरी उरलेले बोलणे हिंदीतच उरकले जाते. म्हणून पहिले वाक्य मराठीत बोलावे, सावकाश आणि स्पष्ट बोलावे. ते समजले नाही तर सोप्या शब्दांत पुन्हा सांगावे आणि तरीही अडले तर ‘मराठी समजणारे कोणी आहे का?’ असे शांतपणे विचारावे. परराज्यातून नुकत्याच बदलून आलेल्या कर्मचाऱ्यावर आवाज चढवू नये. त्या शाखेत मराठी जाणणारा माणूस नेमणे ही त्याच्या वरिष्ठांची जबाबदारी आहे, त्यामुळे तक्रारही त्यांच्याकडेच करावी.

बँकेच्या बाबतीत ग्राहकाची बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेविषयीच्या २०१५ च्या एकत्रित परिपत्रकानुसार खाते उघडण्याचा अर्ज, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक असे सामान्य ग्राहकाच्या वापराचे सर्व साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्ही भाषांत उपलब्ध असले पाहिजे. त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की चेक हिंदी व इंग्रजीत छापलेला असला तरी ग्राहकाला तो प्रादेशिक भाषेत लिहिता येतो.

मी पहिल्यांदा मराठीत चेक लिहिला तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी तो दोन बोटांत धरून, ‘हे चालत नाही, इंग्रजीत लिहून आणा,’ असे सांगितले. परिपत्रकातल्या त्या परिच्छेदाची छापील प्रत मी सोबत नेली होती. ती त्यांनी शाखाधिकाऱ्यांना दाखवली आणि दहा मिनिटांत चेक जमा झाला. तेव्हापासून ती प्रत चेकबुकातच ठेवलेली असते, आणि तुम्हीही तशी ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन. मराठीत चेक लिहिताना नाव खात्यावर नोंदवले आहे तसेच पूर्ण लिहावे, रक्कम ‘बारा हजार पाचशे रुपये फक्त’ अशी सुटसुटीत लिहावी आणि चौकटीतले आकडे 1, 2, 3 असेच ठेवावेत, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ होत नाही. सही मात्र बँकेत नोंदवलेलीच करावी. मराठीत सही करायची असेल तर आधी शाखेत नव्या सहीचा नमुना द्यावा. हे न केल्यास चेक परत येईल आणि दोष विनाकारण मराठीवर येईल.

राज्य सरकारच्या कार्यालयांत फारसे अडू नये, कारण १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा आहे. खरी अडचण केंद्राच्या कार्यालयांत येते, आणि तिचे मूळ नीट समजून घेतले पाहिजे. राजभाषा नियम, १९७६ यांनी देशाची तीन क्षेत्रांत विभागणी केली आणि गुजरात व पंजाबबरोबर महाराष्ट्राला ‘ख’ क्षेत्रात टाकले. या क्षेत्रातील व्यक्तीला केंद्राचे कार्यालय हिंदीत किंवा इंग्रजीत पत्र लिहू शकते. मराठीचा तेथे उल्लेखच नाही. तामिळनाडूला हे नियम मुळात लागूच होत नाहीत, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

असे असले तरी आपल्या हाती संविधानाचा अनुच्छेद ३५० आहे. आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क तो प्रत्येकाला देतो. उत्तर मराठीत मिळेल अशी हमी त्यात नाही, पण भाषेचे कारण सांगून निवेदन नाकारता येत नाही. म्हणून अर्जाच्या विषयातच ‘गाऱ्हाणे’ किंवा ‘तक्रार’ हा शब्द घालावा आणि पहिली ओळ अशी लिहावी: ‘भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० अन्वये हे निवेदन मराठीतून सादर करीत आहे.’ दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. कार्यालयीन शब्द सुचत नसेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. मात्र कोशातला शब्द फारच जड वाटला तर रुळलेला शब्द खुशाल वापरावा, कारण ‘फॉर्म’ लिहिल्याने अर्जाचे मराठीपण कमी होत नाही.

निवेदनाला दाद मिळाली नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. २००५ च्या या कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा जेथे अर्ज केला जातो त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे महाराष्ट्रात, केंद्राच्या कार्यालयातही, तो मराठीत चालतो. शुल्क दहा रुपये आहे आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर येणे बंधनकारक आहे. प्रश्न नेमका विचारावा: ‘आपल्या शाखेत खाते उघडण्याचा अर्ज व पैसे भरण्याची स्लिप यांचे मराठी नमुने उपलब्ध आहेत काय? असल्यास त्यांची प्रत द्यावी.’ सरकारी मालकीच्या बँकांना हा कायदा लागू असल्याने असा साधा प्रश्नही शाखेला आपली कपाटे उघडून पाहायला लावतो.

फोनच्या बाबतीत एवढेच करावे की सेटिंग्जमध्ये भाषा आणि कीबोर्ड दोन्ही ‘मराठी’ निवडावेत. पुष्कळ जण देवनागरी दिसते म्हणून हिंदी कीबोर्डवरच थांबतात. मग ‘ळ’ शोधत बसावे लागते आणि शब्द सुचवले जातात तेही हिंदीच. अनेक फॉण्टांत तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मजकुराची भाषा मराठी नोंदवल्यावरच उमटतात.

तुम्ही स्वतः टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर हेच सारे दुसऱ्या बाजूने लागू होते. समोरच्याची भाषा मराठी असेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत भिली ही आदिवासी भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक होते, तरी ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे संविधानाने नोंदवलेल्या, २२ भाषांत नाही. मेळघाटातली कोरकूही नाही. नंदुरबार किंवा मेळघाटातल्या धारणीच्या कार्यालयात आलेल्या माणसापुढे आपली मराठी तशीच उभी असते, जशी आपल्यापुढे हिंदी. अशा वेळी त्याची भाषा जाणणारा सहकारी बोलावून घ्यावा. त्याला लिहिता येत नसेल, तर त्याचे तोंडी म्हणणे लेखी उतरवून देण्यासाठी वाजवी साहाय्य करणे हे माहिती अधिकाराच्या अर्जांपुरते तरी त्याच कलम ६ ने जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरवले आहे.