मोठं, मनस्वी मांजर दत्तक घेताना

सुटका केलेलं दोन-तीन वर्षांचं मांजर देताना 'जरा स्वतंत्र वृत्तीचं आहे हं' असं कुणी सांगितलं, तर लगेच विचारा, म्हणजे नेमकं काय? मांडीवर बसत नाही, पण माणूस खोलीत असताना निवांत झोपतं? मग ते फ्लॅटमध्ये छान रुळेल. माणूस दिसताच भिंतीला चिकटतं आणि फिस्कारतं? ते भेदरलेलं असू शकतं, किंवा जन्मभर माणसापासून लांब वाढलेलंही. दोन-तीनदा जाऊन बघितल्याशिवाय हो म्हणू नका. नसबंदी, रेबीज आणि ट्रायकॅटच्या (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची एकत्र लस) लशी, एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) आणि ल्युकेमियाच्या विषाणूची तपासणी यांचे कागद मागा. सध्या काय खातं तेही लिहून घ्या. पहिला आठवडा तेच द्यायचं, मग सात-दहा दिवसांत थोडं थोडं नवं मिसळत बदलायचं. एकदम बदललं की जुलाब होऊ शकतात.

मांजर यायच्या आधी खिडक्या बघा. ग्रिलमधून डोकं गेलं की बहुतेक वेळा धडही जातं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ते दातांनी तोडू शकतं. स्टीलची बसवा आणि कोपरे हाताने ओढून पाहा. पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त.

सुरुवातीला सगळं घर देऊ नका, एकच खोली द्या. माळा, दिवाणाखालची पोकळी, कपाटामागची फट आधी बुजवा, नाहीतर मांजर तिथेच मुक्काम ठोकेल आणि काढायला गेलात तर ओरबाडेल. बदली जागा मात्र हवीच: खोका आडवा ठेवा, आत जुनी चादर. लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा, ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, त्यात पाच-सात सेंटिमीटर लिटर. अन्न-पाणी समोरच्या कोपऱ्यात. जेवणाशेजारी शी-शू त्याला चालत नाही, आपल्यालाही चालणार नाही. फरशी फिनेलने पुसू नका. ते पंजांना लागतं, मांजर पंजे चाटतं आणि विषबाधा होते.

मग काही करू नका. हेच सगळ्यात अवघड जातं. दिवसातून दोन-तीनदा वीसेक मिनिटं जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, टक लावून बघू नका. नजरानजर झाली तर डोळे सावकाश मिटून उघडा. ते जवळ आलं तर एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा. गाल घासला तर गाल आणि हनुवटी खाजवा, दोन-तीनदाच, आणि हात मागे घ्या. शेपटीचं टोक फटकारायला लागलं किंवा कान मागे वळले की थांबा. पोटाला हात लावायचा नाही, उताणं झोपलेलं असलं तरी.

पहिल्या दिवशी न जेवणं नेहमीचं. ओलं अन्न कोमट करून, वास सुटेल असं ठेवून बघा. 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, 48 तासांची वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, जाड मांजरांत लवकर. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि शू होत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. घरची क्रोसिन किंवा कुत्र्यांचं पिसवांचं औषध कधीच नको. पॅरासिटामॉल मांजराला मारतं, आणि कुत्र्यांच्या अनेक औषधांतलं परमेथ्रिनही. दूध-पोळीवर मांजर जगवता येतं हाही गैरसमज: बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि मांसातलं टॉरिन हे पोषकद्रव्य मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं.

तुमच्या देखत खाऊ लागलं, ट्रे नीट वापरू लागलं की दार अर्धवट उघडं ठेवा. उचलून बाहेर आणू नका. बहुधा रात्री, सगळे झोपल्यावर, भिंतीच्या कडेने हुंगत ते एकेक खोली फिरेल आणि जरा भांडं वाजलं की मागे पळेल. म्हणून ते दार लावून घेऊ नका, खोका आणि ट्रेही अजून महिनाभर तिथून हलवू नका.