नदीतल्या माशांची नोंद घेताय? या चुका टाळा

कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांमधल्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये छापलं. त्यातले बरेच मासे मुळा-मुठा आणि भीमेतले होते. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली, त्यानंतरही अनेकांनी केल्या. अमुक मासा मुठेतून गेला असं आज आपण म्हणतो, ते या जुन्या नोंदींशी ताडूनच. म्हणून एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी तुम्ही केलेली यादीही उद्या कुणाच्या तरी तुलनेला लागणार आहे. ती त्या कामाची व्हावी असं मला मनापासून वाटतं.

अशा याद्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे मासे कुठल्या जाळ्याने, कधी आणि किती वेळ शोधले हेच लिहिलेलं नसतं. मग 'मासा सापडला नाही' आणि 'मासा उरला नाही' यांतला फरक कळायला मार्ग राहत नाही. पुढच्या बहुतेक चुका शेवटी इथेच येऊन मिळतात.

पुलाखाली एकच जाळं लावणं

पुलाजवळ गाडी लावता येते, म्हणून सर्वेक्षण पुलाखालीच होतं. पण तिथे कपडे धुतले जातात, वाळू उपसलेली असते, गावचा नाला येऊन मिळालेला असतो. तेवढ्या तुकड्यावरून नदीबद्दल काही म्हणता येत नाही. निदान एक डोह, एक खळाळ आणि काठच्या गवताची एक उथळ जागा, एवढं तरी वेगवेगळं पाहायला हवं. खळाळात दगडांना चिकटून राहणारा मळ्या डोहात शोधून मिळणार नाही.

जाळ्याचंही तसंच. उभ्या जाळ्याच्या आसाला, म्हणजे विणीतल्या भोकाला, साजेशा घेराचा मासाच त्यात अडकतो. बारका पार निघून जातो, मोठा शिरतच नाही. फेकजाळं खडकाळ तळावर नीट बसत नाही. दगडाखालचे लोच, म्हणजे तळाशी राहणारे बारके मासे, मिळवायचे तर खळाळाच्या खालच्या अंगाला हातजाळी धरायची आणि वरच्या अंगाचे दगड पायाने हलवायचे. दगड मोठे असतील तर नंतर पुन्हा जागेवर ठेवा, त्यांच्याखाली अंडी आणि कीटकांच्या अळ्या असतात. वाम आणि बरेचसे मिशीवाले मासे रात्री फिरतात. सकाळी दहाला जाऊन बाराला परत येणाऱ्यांच्या यादीत ते कमीच दिसणार.

म्हणून दर खेपेला जाळ्याची लांबी, आसाचं माप, किती तास लावलं, फेकजाळं किती वेळा टाकलं, हे सगळं लिहा. काहीच मिळालं नाही तरी ती ओळ कोरी सोडू नका, शून्य लिहा. दोन जागांची किंवा दोन वर्षांची तुलना सारख्या कष्टांवरच करा. एकीकडे दोन तास आणि दुसरीकडे सहा तास जाळं लावून 'दुसरीकडे विविधता जास्त' असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी वाचले आहेत.

पावसाळा वगळणं

सर्वेक्षणं दिवाळीनंतर सुरू होतात आणि मेमध्ये संपतात. सोयीचं आहे, पण सह्याद्रीतल्या बऱ्याच माशांच्या वर्षातला मोठा भाग त्यात सुटतो. पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, भातखाचरांपर्यंत पोचतात आणि अंडी घालतात. कोकणात आणि घाटाखाली चढणीचे मासे कुणाला सांगावे लागत नाहीत. नेमकी हीच चढण वाटेतला बंधारा अडवतो. ते जूनमध्ये गेल्याशिवाय दिसत नाही.

पुरात उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. धरणाखालच्या पात्रात विसर्गाची चौकशी केल्याशिवाय एरवीही पाऊल टाकू नका. पावसाळ्यात काठावरून पाहणं, ओढ्यांच्या तोंडाशी नोंदी घेणं आणि मासे धरणाऱ्यांशी बोलणं एवढंही पुष्कळ होतं. भोई किंवा कोळी कुटुंबातली जुनी माणसं कुठला मासा कुठल्या नक्षत्रात चढतो ते सांगतात. त्यांनी सांगितलेलं नाव तसंच्या तसं लिहा, गावासकट. मात्र केवळ त्या नावावरून प्रजाती ठरवू नका. एकच नाव दोन गावांत दोन माशांचं असू शकतं.

उलट फसगत उन्हाळ्यात होते. पात्र आटून डबकी उरतात, सगळे मासे त्यांत कोंडले जातात आणि एका फेकीत जाळं भरतं. ती संख्या पाणी कमी झाल्याची आहे, मासे वाढल्याची नाही. डबक्याची लांबी, रुंदी, खोली सोबत नोंदवली तरच तिचा उपयोग.

'ऑक्सिजन १२ आला, पाणी उत्तम आहे'

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा थांबायला हवं. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात, समुद्रसपाटीला, हवेतून सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतकाच ऑक्सिजन विरघळतो. पुण्यासारख्या उंचीवर त्याहून थोडा कमी. मग १२ आला कुठून? दुपारी उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाणी ऑक्सिजनने वाजवीपेक्षा जास्त भरतं. सांडपाण्याने पोसलेल्या हिरव्या पाण्यात तर हे हमखास होतं. रात्रभर तेच शेवाळ, जिवाणू आणि मासे ऑक्सिजन वापरत राहतात आणि पहाटे तो सगळ्यात कमी होतो. मासे मरतात ते त्या वेळी. दुपारचा आकडा चांगला आणि सकाळी मासे तरंगताना दिसले, असं झालं तर उपकरणावर संशय घेण्याआधी पहाटे, उजाडण्यापूर्वी मोजून बघा. वेळ न लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा मी तरी वापरणार नाही.

ऑक्सिजनची मोजणी विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून टायट्रेशनने, करत असाल तर मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड नदीकाठीच घाला. बाटली भरताना बुडबुडा राहू देऊ नका. पाणी तसंच कॉलेजात नेऊन दुसऱ्या दिवशी केलेलं टायट्रेशन नदीबद्दल काहीच सांगत नाही. मीटर असेल तर त्याच दिवशी कॅलिब्रेट करा.

ओळखीची घाई

मरळीच्या पिल्लांच्या अंगावर नारिंगी पट्टा असतो, मोठ्या माशावर तो राहत नाही. त्यामुळे पिल्लू आणि मोठा मासा दोन प्रजाती म्हणून यादीत येऊ शकतात. गटारातला प्रत्येक बारका मासा 'गप्पी' होतो, पण तो डास आटोक्यात आणायला आणलेला गॅम्बुशियाही असू शकतो किंवा डोक्यावर पांढरा ठिपका असलेला आपला देशी किलिफिशही. पहिले दोन बाहेरचे, तिसरा इथला. इथे घोळ झाला तर निष्कर्षच उलटा होतो.

दुसरा घोळ नावांचा. पुंटियस या मोठ्या गटाची २०१२ मध्ये अनेक गटांत विभागणी झाली. तेव्हा जो पुंटियस सह्याद्रिएन्सिस होता, तो २०२० पासून वायखोमिया सह्याद्रिएन्सिस आहे. जुनी यादी आणि नवी यादी जोडताना एकच मासा दोनदा मोजला जातो, किंवा जुनं नाव नव्या यादीत नाही म्हणून नामशेष ठरतो. तुलना करण्याआधी दोन्ही याद्यांतली नावं आजच्या नावांवर आणून घ्या.

आणि ओळख चुकली की नुकसान कागदापुरतं राहत नाही. कृष्णा खोऱ्यातला आपला महसीर, ज्याला साइक्स यांनी खुद्री नाव दिलं, हॅचरीत वाढवून कावेरीत सोडला गेला. हेतू संवर्धनाचाच होता. पण कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर निराळा होता, आणि तो म्हणजे टॉर रेमादेवी हे शास्त्रज्ञांनी नक्की केलं ते थेट २०१८ मध्ये. तोवर बाहेरच्या माशाने तिथे जम बसवला होता आणि मूळचा अतिसंकटग्रस्त झाला होता. म्हणून 'पुनर्स्थापना' म्हणून कुठलीही पिल्लं नदीत सोडण्याच्या कार्यक्रमाला तुमच्या यादीचा आधार देऊ नका. घरच्या टाकीतला सकर मासाही नदीत जाता कामा नये.

नमुने

फोटोने काम भागत असेल तर मासा सोडून द्या. डावी बाजू, पसरलेले पर आणि शेजारी पट्टी, असा फोटो जिवंतपणीच घ्या, कारण फॉर्मेलिनमध्ये रंग उडतात. नमुना ठेवायचाच असेल तर आधी उजव्या बाजूच्या पराचा तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, मगच मासा फॉर्मेलिनमध्ये घाला. १० टक्के फॉर्मेलिन म्हणजे बाजारातल्या फॉर्मेलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. हातमोजे हवेत, आणि बंद खोलीत हे करू नका. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका. बॉलपेनची शाई विरघळते आणि नमुना बेवारस होतो.

अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तसे मारलेले मासे 'आयते मिळाले' म्हणून विकत घेऊ नका. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडासारख्या देवाच्या डोहात तर जाळं टाकूच नका. तिथे गावाने श्रद्धेने राखलेले महसीर पाण्यात डोकावूनच मोजता येतात, आणि तेही गावाला विचारून.

तुमच्या हातात आधीच एखादी जुनी यादी असेल आणि तिच्यात जाळं, वेळ, तास काहीच नसेल, तर ती फेकू नका आणि अंदाजाने भरूही नका. त्या रकान्यात 'नोंद नाही' लिहा. असलेल्या माशांसाठी ती वापरा, नसलेल्यांसाठी नको. मग त्याच जागी, त्याच महिन्यात, या वेळी सगळं मोजून, पुन्हा जाळं लावा.