अभियांत्रिकीचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी
राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या संकेतस्थळावरील गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या मुलीसोबत बसून पाहाव्यात. प्रवर्ग, शाखा आणि फेरी यांनुसार पर्सेंटाइल बदलत असल्याने केवळ खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून एखादे महाविद्यालय खोडू नये. उरलेल्या नावांसमोर शुल्क, वसतिगृहाची सोय आणि घरापासूनचे अंतर तिनेच लिहावे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप निश्चित होते आणि पुढील फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून पहिल्या पसंतीच्या ओळीत नातेवाइकांनी सुचवलेले नव्हे, तर तिला मनापासून हवे असलेले महाविद्यालय आणि शाखाच असावी, असा माझा आग्रह आहे. त्याचा कट-ऑफ तिच्या पर्सेंटाइलपेक्षा जास्त असला, तरी ते वर लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही.