फळ्या उभ्या टाकायच्या की आडव्या?

फ्लोरिंगचा शेड ठरवायला घरातली मंडळी दोन-दोन आठवडे घेतात, आणि फळ्या कुठल्या दिशेने जाणार हे काम सुरू व्हायच्या सकाळी मिस्त्री ठरवतो. मिस्त्री साहजिकच कटिंग कमी पडेल ती दिशा धरतो. मी पुण्यात लॅमिनेट आणि एसपीसीची (दगडाची पूड आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांची) कामं घेतो, म्हणून सांगतो: दिशा तुम्ही ठरवा, आणि माल मागवायच्या आधी ठरवा.

आधी पॅसेज बघा. आपल्याकडच्या टू-बीएचकेत तो जेमतेम साडेतीन फुटी असतो. त्यात चार फुटी फळी आडवी टाकली की एकूण एक फळी कापावी लागते आणि दिसायला जमिनीवर शिडी आडवी केल्यासारखं दिसतं. पॅसेजमध्ये फळी लांबीलाच, इथे मी गिऱ्हाइकाचंही ऐकत नाही. हॉल आणि पॅसेज सलग असेल तर हॉललाही तीच दिशा. बेडरूमच्या दारात पट्टी येणारच असते, तिथे दिशा फिरवली तरी चालतं.

मग उजेड. हॉलला एकाच बाजूने बाल्कनीची मोठी स्लायडिंग असेल तर फळ्या बाल्कनीकडे जाणाऱ्या हव्यात. आडव्या टाकल्या की तिरपं ऊन येतं तेव्हा बारीक सावली पडून प्रत्येक सांधा उठून दिसतो, कडेला खाच असलेल्या फळ्यांत तर फारच. बाल्कनी पश्चिमेची असेल तर हे संध्याकाळी पाचला कळतं, दुपारी बाराला नाही. पॅसेज एक सांगतो आणि उजेड दुसरं, अशा वेळी काकू हमखास विचारतात, “मग ऐकायचं कुणाचं?” पॅसेजचं. हॉलला पडदे लावता येतात, पॅसेज रुंद करता येत नाही.

तरीही ठरत नसेल तर एक खोकं फोडून आठ-दहा फळ्या लॉक न करता नुसत्या मांडा, एकदा उभ्या, एकदा आडव्या, आणि मुख्य दारातून बघा. सोफ्यावर बसून नको.

दिशा ठरली की मापं काढा. समजा खोली २९६० मिमी रुंद आहे आणि फळी १९५ मिमीची. दोन्ही भिंतींपाशी तीन सूत, म्हणजे सुमारे १० मिमी जागा सोडायचीच, कारण पावसाळ्यात लॅमिनेट फुगतं. ती फट स्कर्टिंगखाली जाते. उरले २९४०. त्यात पंधरा पूर्ण फळ्या बसतात आणि शेवटी १५ मिमीची चिपाटी उरते. ती ना धड कापता येते ना टिकते. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ १०५ मिमीची कापायची, मध्ये चौदा पूर्ण. हिशोब जुळतो आणि दोन्ही कडा सारख्या दिसतात. शेवटची ओळ ५० मिमीच्या खाली जातेय असं दिसलं की हेच करायचं.

सुरुवात मात्र भिंत धरून करू नका. भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतीलच असं नाही. दोरी मारा आणि पहिली ओळ दोरीला लावा, भिंतीकडची बाजू हवी तशी तासून घ्या. शेजारच्या ओळींचे आडवे सांधे एकमेकांपासून फूटभर तरी लांब ठेवा. जुन्या टाइल्सवर पातळ एसपीसी टाकत असाल तर फळीचा लांब सांधा टाइलच्या सांध्यावर येऊ देऊ नका.

हे सगळं स्लॅबच्या घरांसाठी. जुन्या वाड्यात कडीपाटाच्या मजल्यावर सागवानी फळ्या बदलायच्या असतील तर आवडीनिवडीचा प्रश्नच नाही: फळी कड्यांना, म्हणजे खालच्या लाकडी तुळयांना, काटकोनातच जाते, कारण वजन कड्यांनी पेलायचं असतं. तिथे उजेड कुठूनही येवो.

माल मागवताना सरळ मांडणीला दहा टक्के जास्त धरा, तिरक्या मांडणीला पंधरा. तिरकी मांडणी मला स्वतःला लहान खोलीत आवडत नाही, पण पैसे तुमचे. उरलेल्या चार-पाच फळ्या माळ्यावर आडव्या ठेवा, भिंतीला टेकवून उभ्या नको, वाकतात. आणि सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, ते टेम्पो परत जायच्या आधी बघा.