ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) वर्कशॉपला देण्याआधी

डॅशबोर्डवर इशारा पेटला की लगेच फोटो काढा. मेसेज, किलोमीटर, चार्जची टक्केवारी, सगळं दिसू द्या. वर्कशॉपला पोचेपर्यंत इशारा विझतो आणि ‘आम्हाला काहीच दिसत नाही’ ऐकून काणकोणहून मडगावला मारलेली फेरी फुकट जाते. जॉबकार्डवर नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका, तक्रार एरर कोडसकट लिहून घ्या.

गाडी सुरूच होत नसेल तर मोठ्या बॅटरीची धास्ती घेण्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासायला सांगा. पुष्कळदा दोष तिचाच असतो, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो. नारिंगी केबल हाय व्होल्टेजची असते, तिला मात्र हात लावायचा नाही.

पार्टसाठी नुसतं झुलवत असतील तर तारीख ईमेलवर मागा. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.