दहा माणसांसाठी पहिल्यांदाच पुरणाचा स्वयंपाक

पुरणाच्या स्वयंपाकात कौशल्य लागतं ते पोळीला, पण फजिती होते ती वेळेमुळे. एक पोळी भरून, लाटून, भाजून उतरेपर्यंत नवख्या हाताला साडेतीन-चार मिनिटं लागतात. बावीस पोळ्या म्हणजे जवळजवळ दीड तास, आणि तेवढा वेळ तव्यापासून हलता येत नाही. मधेच आमटीला फोडणी द्यायला गेलात की तव्यावरची पोळी करपते आणि पोळपाटावरची चिकटते. म्हणून सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती करायची: तवा चढायच्या आत बाकीचं उरकलेलं हवं आणि पुरण तर आदल्या दिवशीच तयार हवं.

बेत आटोपशीर ठेवा. पुरणपोळी, कटाची आमटी, वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, भजी, कुरडया-पापड. पहिल्या वेळी मसालेभात आणि खीर यांच्या मागे लागू नका. पुरणानंतर खीर कोणी धड खात नाही आणि मसालेभातासाठी एक शेगडी अडते.

दहा जणांना माणशी दोन पोळ्या आणि नैवेद्याच्या दोन अशा बावीस पोळ्यांना हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, गूळ साडेतीनशे ग्रॅम, साखर शंभर ग्रॅम, कणीक साडेतीनशे ग्रॅम आणि मैदा दीडशे ग्रॅम पुरतो. नुसता गूळ घालायचा तर साडेचारशे ग्रॅम घ्या. बाकी सामान: तांदूळ अर्धा किलो, तुरीची डाळ पाव किलो, बटाटे दीड किलो (चार भज्यांसाठी बाजूला काढा), काकड्या एक किलो, बेसन पाव किलो, एक नारळ, तूप पाव किलो, दूध एक लिटर. तूप कमी आणू नका. गरम पोळीवर ते सढळ हातानेच वाढायचं असतं.

आता पुरण. डाळ धुऊन दोन तास भिजवा. पाच लिटरच्या कुकरात डाळ, दीड लिटर गरम पाणी, चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद. तेलामुळे फेस कमी येतो. डाळ शिजताना फेसाळून शिट्टीत अडकते, त्यामुळे कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. एक शिट्टी मोठ्या आचेवर झाली की आच बारीक करून पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. मग एक दाणा अंगठा आणि बोटात दाबून बघा: आत पांढरट, कडक कणी लागली तर आणखी पाच मिनिटं शिजवा. इथे घाई करायची नाही, कारण गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही. कच्ची राहिलेली कणी पुरणयंत्रातून जेमतेम निघते आणि लाटताना नेमकी तिथेच पोळी फाटते.

शिजलेली डाळ चाळणीत ओता आणि खाली पातेलं ठेवायला विसरू नका. ते पाणी म्हणजे कट, आमटी त्याचीच होते. पाऊण ते एक लिटर निघेल. डाळ दहा मिनिटं निथळू द्या. त्यातली मूठभर डाळ आमटीसाठी बाजूला काढा.

निथळलेली डाळ जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन त्यात चिरलेला गूळ, साखर आणि चिमूटभर मीठ घाला. गूळ विरघळला की सगळं एकदम पातळ होतं. नवखा माणूस इथे घाबरतो आणि बेसन वगैरे घालायला जातो. काही घालू नका. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ढवळत राहा. मिश्रण आटायला लागलं की फटफट उडतं आणि चटका चांगलाच बसतो, तेव्हा लांब दांड्याचं उलथणं घ्या. मधोमध उभं केलेलं उलथणं न पडता उभं राहिलं की पुरण झालं. त्यापुढे दोनच मिनिटं ठेवा, जास्त नाही, कारण पुरण गार झाल्यावर आणखी घट्ट होतं.

गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं की यंत्राचं हँडल फिरता फिरत नाही. पुरणयंत्र नसेल तर पीठ चाळायच्या जाड चाळणीवर वाटीच्या बुडाने घासून काढा. मेहनत आहे, पण पुरण छान गुळगुळीत येतं. मिक्सर शक्यतो नको, पुरण चिकट होतं. शेवटी एक चमचा वेलदोड्याची पूड आणि पाव चमचा जायफळ. पूर्ण गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये. कटही फ्रीजमध्येच, तो पुरणाच्याही आधी आंबतो.

सणाच्या दिवशी एक वाजता पानं वाढायची असं धरून चालू. (होळीचा नैवेद्य संध्याकाळी असेल तर सगळ्या वेळा तेवढ्या पुढे ढकला.) आठ वाजता कणीक भिजवायची. कणीक आणि मैदा एकत्र चाळा, त्यात पाऊण चमचा मीठ, चिमूटभर हळद आणि साधारण सव्वातीनशे मिलिलिटर पाणी थोडंथोडं घाला. पोळीच्या रोजच्या कणकेपेक्षा ही बरीच सैल हवी, हाताला चिकटेल इतकी. मग पाव वाटी तेल चमच्याचमच्याने जिरवत दहा मिनिटं मळा, म्हणजे चिकटपणा जातो. दोन बोटांनी ओढली तर तुटायच्या आधी इंच-दोन इंच ताणली गेली पाहिजे. वर तेलाचा हात फिरवून झाकून किमान दोन तास ठेवा. न मुरलेली कणीक लाटताना मागे आखडते आणि मग आपण जोर लावतो. पोळी फुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

कणीक मुरेपर्यंत बाकीचा स्वयंपाक. बटाटे कुकरला लावा, नारळ खवून चटणी वाटा. नऊला आमटी: कटात बाजूला काढलेली डाळ घोटून घाला, पाणी घालून सव्वा लिटर करा. अर्धी वाटी सुकं खोबरं आणि दोन चमचे जिरं खमंग भाजून वाटून घ्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि तिखटाची फोडणी करून त्यात हे वाटण परता, कट ओता, मग लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ आणि दोन टेबलस्पून गोडा मसाला. दहा-बारा मिनिटं उकळा. आमटी पाण्यासारखी पातळ वाटली तरी चालेल. तासाभरात ती दाट होते. बेचव वाटली तर बहुतेक वेळा चिंच कमी असते, मसाला नव्हे.

साडेनऊला बटाट्याची भाजी. दहाला कढई चढवून आधी पापड-कुरडया तळून घ्या, कारण भज्यांनंतर तेलात गाळ राहतो आणि पांढऱ्या कुरडयांवर काळे ठिपके येतात. तेल चांगलं तापलेलं हवं. कुरडई टाकल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत फुलली नाही तर ती मधे कडक राहते. गार झाल्यावर घट्ट डब्यात भरा. कढई तशीच ठेवा.

नैवेद्याआधी चाखायचं नाही, ही बऱ्याच घरांची रीत. मग मीठ मोजूनच घालावं लागतं. आमटी किंवा वरणाला लिटरमागे चहाचे दोन सपाट चमचे, भाजीला किलोमागे पावणेदोन. इतक्या मिठाने पदार्थ खारट होत नाही आणि उणं असलंच तर पानात मीठ असतंच. नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण चालतो की नाही, हे घरच्या मोठ्यांना आधी विचारून घ्या. त्यानुसार भजी बटाट्याची की कांद्याची ते ठरतं.

साडेदहाला तुरीच्या डाळीचा कुकर लावा आणि तांदूळ धुऊन निथळत ठेवा. भात आणि वरण दहा जणांचं एका कुकरात मावत नाही, त्याच्या भानगडीत पडू नका. पुरण फ्रीजमधून साडेनऊलाच बाहेर काढलेलं असू द्या. आता ते हाताने मळा.

पोळी फुटेल की नाही हे या क्षणी कळतं. एका हातात कणकेचा गोळा, दुसऱ्या हातात पुरणाचा, आणि दोन्ही दाबून बघा. दोन्ही सारखेच मऊ लागले पाहिजेत. पुरण कणकेपेक्षा घट्ट असेल तर लाटण्याखाली ते सरकत नाही, वरची पारी, म्हणजे कणकेचं आवरण, तेवढी ताणली जाऊन फाटते. अशा पुरणात चमचाचमचा कोमट दूध घालून मळा. उलट पुरण सैल असेल तर ते एका बाजूला पळतं आणि कडेने बाहेर येतं. ते पुन्हा पातेल्यात घालून मंद आचेवर आटवा, दुसरा उपाय शोधू नका. कणीकच घट्ट वाटली तर पाण्याचा हात लावून परत तिंबा.

कणकेचे बावीस आणि पुरणाचे बावीस गोळे आधीच करून ओल्या फडक्याखाली ठेवा. कणकेचा गोळा साधारण चाळीस ग्रॅमचा, पुरणाचा साठ ग्रॅमचा. सरावलेल्या बायका पुरण दुप्पट भरतात. तुम्ही दीडपटीवर थांबा.

गोळा पिठीत बुडवून अंगठ्याने दाबत वाटीसारखी पारी करा, कडा पातळ आणि मध्य जाड. पुरण आत ठेवा. एका अंगठ्याने पुरण खाली दाबत दुसऱ्या हाताने कडा वर चढवत न्या. वर जमलेली कणकेची शेंडी तोडून टाका. ती आत दाबली तर मधे जाड, कच्चा ठिपका राहतो. हा भरलेला गोळा, म्हणजे उंडा, तांदळाच्या पिठीवर ठेवून आधी लाटणं न घेता बोटांनीच चपटा करा, पुरण कडेपर्यंत पोहोचलं पाहिजे. मग हलक्या हाताने, कडेकडेने लाटा. पोळी उलटायची नाही, नुसती फिरवायची. अडकतेय वाटलं की खाली पिठी भुरभुरवा. सात-आठ इंच पुष्कळ झाली.

तवा मध्यम आचेवर तापलेला हवा, पाण्याचा थेंब टाकला तर चुरचुरून उडेल इतका. पोळी लाटण्यावर गुंडाळून तव्यावर सोडा. वरचा रंग बदलून बारीक फोड दिसले की उलटा, दुसऱ्या बाजूला तांबूस ठिपके आले की परत एकदा उलटून तूप सोडा. दोनदाच उलटायची. आच मंद ठेवून भाजत बसलात तर पोळी वाळते आणि चिवट होते. पोळी तव्यावर फुटली तर भोकावर चिमूटभर पिठी टाका आणि उलथण्याने दाबू नका. पुढच्या पोळीआधी तवा फडक्याने नीट पुसा. सांडलेला गूळ आणि उडालेली पिठी करपून त्याचा वास पुढच्या सगळ्या पोळ्यांना लागतो. पहिल्या दोन-तीन पोळ्या बिघडल्या तर बिघडू द्या, नैवेद्याच्या पोळ्या चौथ्या-पाचव्यात काढा.

उतरलेल्या पोळ्या कागदावर सुट्या पसरा. गरम गरम एकावर एक रचून डब्यात भरल्या की त्यांना घाम सुटतो, त्या चिकटतात आणि उचलताना साल निघतं. कोमट झाल्यावर रचा.

पावणेबाराला दुसऱ्या शेगडीवर भात लावा. एक लाटणारा आणि एक भाजणारा असे दोघे असाल तर पोळ्या तासाच्या आत उरकतील. एकट्याने करायच्या तर तवा पावणेअकरालाच चढवा. सव्वाबाराला तवा उतरला की त्याच जागी भज्यांची कढई. बेसनात दोन चमचे तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, एक चमचा मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेल; बटाट्याच्या कापाला धरून राहील इतपत दाट भिजवा. फार आधी भिजवू नका. कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि फोडणी आधी चालेल, मीठ मात्र पान वाढताना. नाहीतर काकडीचं पाणी सुटून ताटभर पसरतं.

पान वाढताना वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, भजी आणि कुरडई-पापड, उजवीकडे भाजी आणि वाटीत आमटी. समोर भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. पोळीवर तूप जेवायला बसल्यावरच, ती थंड व्हायच्या आत. दुधाबरोबर खाणाऱ्यांना दूध कोमट द्या.

उरलेल्या पोळ्या बाहेर एक दिवस टिकतात. दुसऱ्या दिवशी तव्यावर मंद आचेवर तूप सोडून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पुरण आधी तापतं आणि पारी चामट होते.